एक मैदान, पन्नास मुले आणि एक मोबाइल : शारीरिक शिक्षणाची तासिका सर्वांसाठी कशी बसवावी

पन्नास मुलांच्या वर्गात शारीरिक शिक्षणाची तासिका सुरू झाली की कुबड्या घेतलेल्या मुलीकडे गुणलेखनाची वही जाते, अल्पदृष्टी असलेल्या मुलाकडे दप्तरांची राखण येते आणि उरलेला वर्ग मैदानात उतरतो. यात शिक्षकाचा हेतू बहुधा काळजीचाच असतो. परंतु दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या सोळाव्या कलमात खेळ आणि मनोरंजनाची संधी इतरांच्या बरोबरीने देणे हे शाळेचे कर्तव्य म्हणून नोंदवलेले आहे, आणि दप्तरे राखण्याला कोणत्याही अर्थाने बरोबरीची संधी म्हणता येत नाही. याच कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले असून त्यांत सिकलसेल, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता यांसारखे प्रकार आहेत, जे मैदानावर सहज दिसत नाहीत. म्हणजे वर्गात ‘तसे कोणी नाही’ असे वाटत असले, तरी ते खरे असण्याची शक्यता कमी असते.

हा लेख आठवीच्या अशा वर्गासाठी आहे जिथे तासिका ३५ मिनिटांची, शिक्षक एक, साधा स्मार्टफोन एक आणि आवाजाचा स्पीकरही एकच आहे. महागडी उपकरणे येथे गृहीत धरलेली नाहीत. तंत्रज्ञानाकडून मैदानावर तीनच कामे करून घ्यावीत असे माझे मत आहे. सूचना दुसऱ्या इंद्रियापर्यंत पोहोचवणे, मुलाला त्याची स्वतःची हालचाल दाखवणे आणि त्याची प्रगती त्याच्याच मागच्या कामगिरीशी ताडून पाहणे, ही ती कामे होत. या तिन्हींत न बसणारे अ‍ॅप कितीही आकर्षक असले तरी तासिकेतील वेळ खाते.

आधी मूल पाहावे, मग साधन

सत्राच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाबाबत चार गोष्टी मोबाइलमधील साध्या तक्त्यात लिहून ठेवाव्यात : सूचना त्याला कशी सर्वांत चांगली कळते, कोणती हालचाल तो आज करू शकतो, किती वेळ टिकतो, आणि काय टाळायचे आहे. प्रमाणपत्रावरील टक्केवारी या चारपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही. चाळीस टक्के दृष्टिबाधित असलेल्या दोन मुलांपैकी एकाला बाजूचे दिसत नसेल आणि दुसऱ्याला नेमके समोरचे. दोघांना चेंडू वेगवेगळ्या दिशेने द्यावा लागतो. हे पालक आणि स्वतः मूल दोघेही सांगू शकतात, फक्त कोणीतरी विचारावे लागते. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांच्यासोबत एक तासिका मैदानावर घालवली तर हा तक्ता लवकर आणि अचूक भरतो.

‘काय टाळायचे’ या रकान्याकडे मात्र जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण येथे चूक महाग पडते. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके एकमेकांवर सैल असतात. डॉक्टरांचे लेखी मत येईपर्यंत त्यांना कोलांटउडी, शीर्षासन किंवा मानेवर भार येईल असा कोणताही प्रकार देऊ नये. सिकलसेल असलेल्या मुलाला, आणि गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट या पट्ट्यात अशी मुले अनेक वर्गांत असतात, पाणी न पिता उन्हात दमछाक होईपर्यंत पळवणे धोक्याचे असते. त्याला मध्ये-मध्ये विश्रांती आणि पाणी ही सवलत म्हणून नव्हे तर व्यायामाचा भाग म्हणून द्यावी. खूप जास्त नंबरचा चष्मा असलेल्या मुलाच्या डोळ्याचा पडदा धक्क्याने सुटू शकतो, म्हणून डोक्यावर आघात होणारे खेळ टाळावेत. दमा असलेल्या मुलाचा पंप दप्तरात नव्हे, मैदानाच्या कडेला शिक्षकाजवळ असावा. अपस्मार असलेल्या मुलासमोर भराभर लुकलुकणारा दिवा कधीही वापरू नये. पुढे प्रकाशाच्या इशाऱ्यांचा विषय येईल तेव्हा हे वाक्य लक्षात ठेवावे.

इशारा : तासिकेचा सर्वांत स्वस्त बदल

शिट्टी हा शारीरिक शिक्षणाचा पाया आहे आणि कर्णबधिर मुलासाठी ती नसल्यासारखीच आहे. यावर उपाय म्हणून शिट्टीसोबत हातातील रंगीत झेंडा खाली आणावा. यात तंत्रज्ञान काहीच नाही, पण याचा एक अनपेक्षित लाभ सर्वांना होतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असल्याने ५० मीटरच्या धावेत अंतिम रेषेवर उभ्या असलेल्या वेळाधिकाऱ्याला शिट्टी साधारण ०.१५ सेकंद उशिरा ऐकू येते, आणि तितका वेळ प्रत्येक धावपटूच्या नोंदीतून नकळत कमी होतो. झेंडा पाहून घड्याळ सुरू केले की ही चूक नाहीशी होते. कर्णबधिर मुलासाठी केलेली सोय अशी संपूर्ण वर्गाची मोजणी सुधारते.

झेंड्याऐवजी मोबाइलचा पडदा किंवा विजेरी वापरायची असेल तर एकच लखलखाट द्यावा, सतत लुकलुकणारा नव्हे. आणि सुरुवातीचा आवाज ब्लूटूथ स्पीकरवरून देऊ नये. ब्लूटूथमधून आवाज पोहोचायला सेकंदाचा एक-दोन दशांश भाग सहज जातो, शिवाय मोबाइल आणि स्पीकर यांत दहा-पंधरा मीटर अंतर पडले की जोडणी तुटू लागते. लेझीमच्या तालाला हा विलंब चालतो, कारण सगळेच तो उशिरा ऐकतात. धावेच्या सुरुवातीला चालत नाही. तेथे तारेने जोडलेला स्पीकर किंवा साधी टाळीची फळी अधिक भरवशाची.

अंध मुलासाठी इशाऱ्याचे काम उलट दिशेने करावे लागते. त्याला केव्हा निघायचे हे कळते, कुठे जायचे हे कळत नाही. अंतिम रेषेच्या मागे स्पीकर ठेवून त्यावर एकसारखा टिक-टिक आवाज लावला की दिशा मिळते, मात्र त्या वेळी उर्वरित वर्गाने शांत राहिले पाहिजे, आणि ही शिस्त आधी शिकवावी लागते. लांब धावेसाठी स्पीकरपेक्षा सोबती धावपटू बरा : दोघांच्या हातात एका छोट्या दोरीची दोन टोके, सोबती शेजारी, किंचित मागे, आणि ओढण्यास सक्त मनाई. सोबत्याने वळण, खड्डा, शेवटचे दहा मीटर हे शब्दांत सांगावे. सोबती दर आठवड्याला बदलावा. नाहीतर एकाच मुलावर जबाबदारी पडते आणि दुसऱ्याची मैत्री एकाच माणसापुरती उरते.

स्वमग्न मुलाला बहुधा इशारा कमी पडत नाही, उलट जास्त होतो. अचानक वाजलेली शिट्टी त्याला वेदनेसारखी वाटू शकते. त्याच्यासाठी तासिकेचा क्रम चार चित्रांत कागदावर चिकटवून ठेवावा आणि उरलेला वेळ मोबाइलच्या पडद्यावर उतरत्या गणतीने दाखवावा. ‘आता पुढचे’ हे त्याला दोन मिनिटे आधी दिसले की बदलाचा ताण बराच घटतो. बोलण्यात अडचण असलेल्या मुलासाठी आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जेलो’ हे मोफत अ‍ॅप मराठीतही चालते. चित्राला बोट लावले की वाक्य ऐकू येते. ‘पाणी’, ‘थांबा’, ‘दुखतंय’, ‘पुन्हा’ हे शब्द पहिल्याच दिवशी सरावाने बसवून घ्यावेत, कारण मैदानावर हेच लागतात. सांकेतिक भाषेचे नेहमीचे शब्द शिकायला भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचे ‘साइन लर्न’ अ‍ॅप आहे, ज्याचा आधार दहा हजार शब्दांचा कोश आहे. तरी घरी किंवा आधीच्या शाळेत वेगळ्या खुणा शिकलेल्या मुलाला आधी त्याच्याच खुणा विचाराव्यात. बोलणे ऐकून पडद्यावर मराठी अक्षरे उमटवणारी सोय वर्गखोलीत कामाची आहे. मैदानाच्या वाऱ्यात आणि गलक्यात तिच्यावर विसंबू नये.

मुलाला त्याची हालचाल दाखवणे

मोबाइलचा कॅमेरा हे या सगळ्यातील सर्वांत ताकदीचे साधन आहे, आणि त्याचा वापर बहुतेक ठिकाणी स्नेहसंमेलनापुरता राहतो. लांब उडीचे उदाहरण घेऊ. उडी घेताना पाय फळीवर टेकतो तो काळ सेकंदाच्या एक दशांशाच्या थोडा पुढे-मागे असतो. साध्या चित्रीकरणात सेकंदाला ३० चौकटी येतात, म्हणजे त्या क्षणाच्या जेमतेम तीन-चार मिळतात. मंदगती चित्रीकरणात सेकंदाला १२० चौकटी घेतल्या तर बारापेक्षा अधिक मिळतात, आणि पाय सरळ आहे की गुडघ्यात दुमडला आहे हे मूल स्वतः पाहू शकते. शिक्षकाने तोंडी सांगितलेली ‘पाय ताठ ठेव’ ही सूचना ज्या मुलाच्या मनात चित्र उभे करत नाही, त्या मुलाला हे चित्रण पाच सेकंदांत समजते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबाबत तर याचा फायदा फार मोठा आहे, परंतु एका अटीवर : एका वेळी एकच गोष्ट दाखवावी. पाय, हात, नजर आणि उतरणे हे चारही एकाच चित्रणात दाखवले की चारही निसटतात.

चित्रीकरण करण्याची रीत अशी. मोबाइल उडीच्या फळीच्या बाजूला, कमरेइतक्या उंचीवर, पाच-सहा मीटर दूर स्टूलवर टेकवून ठेवावा; हातात धरू नये. फळीवर आणि वाळूवर फक्कीने ठळक रेघ मारावी, म्हणजे मोजमाप पडद्यावरही दिसते. प्रत्येक मुलाने उडी मारल्यावर लगेच कॅमेऱ्यापाशी यावे, स्वतःची उडी पाहावी आणि पुढच्या वेळी काय बदलणार हे एका वाक्यात सांगावे. हे वाक्य सांगणे हाच शिकण्याचा भाग आहे. नुसते पाहून झाले की मुले हसतात आणि निघून जातात. उन्हात पडदा दिसत नाही ही रोजची अडचण असते, म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्याच्या एका बाजूला चौकोन कापून मोबाइल त्यात आत ठेवावा. विदर्भातल्या एप्रिलमध्ये मोबाइल तापून आपोआप बंद पडतो, तेव्हा हे सत्र सकाळच्या तासिकेलाच घ्यावे.

अल्पदृष्टी असलेल्या मुलाला तेच चित्रण मोठे करून जवळून पाहता येते. मैदानावर शिक्षकाचे प्रात्यक्षिक त्याला दहा मीटरवरून दिसत नसते, ही गोष्ट वर्षानुवर्षे लक्षात न आलेली असू शकते. प्रात्यक्षिकाचा पंधरा सेकंदांचा तुकडा आधीच चित्रित करून ठेवला तर तो मुलगा तासिकेच्या आधी दोनदा पाहून येतो. हे तुकडे मोबाइलमध्येच साठवावेत, जाळ्यावर अवलंबून राहू नये. बहुतेक मैदानांवर संपर्क नेमका हवा तेव्हा नसतो. पूर्ण अंध मुलासाठी अर्थात कॅमेऱ्याचा उपयोग नाही. त्याला परवानगी विचारून शिक्षकाच्या किंवा मित्राच्या हालचालीवर हात ठेवू द्यावा, आणि त्याच वेळी प्रत्येक टप्पा ठरलेल्या शब्दांत सांगावा. हे शब्द वर्षभर बदलू नयेत.

चित्रणाबाबत एक कायदेशीर बाब टाळता येत नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक धरलेली आहे. वर्षाच्या सुरुवातीला सर्व पालकांकडून, केवळ दिव्यांग मुलांच्या नव्हे, लेखी संमती घ्यावी. त्यात चित्रण कशासाठी, कोण पाहणार आणि केव्हा पुसले जाणार हे स्पष्ट असावे. तासिका संपली की नको असलेली चित्रणे पुसून टाकावीत. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कोणत्याही मुलाच्या धडपडीचे चित्रण, कौतुक म्हणून का होईना, जाऊ नये.

खेळ बदलायचा किती

खेळाचे नियम बदलले की तो खेळ ‘खरा’ राहत नाही, ही तक्रार सहकारी शिक्षकांकडून ऐकू येते. तिला उत्तर म्हणून अंधांच्या क्रिकेटकडे पाहावे, ज्याची पहिली विश्वचषक स्पर्धा १९९८ मध्ये नवी दिल्लीत झाली. त्यात चेंडू आवाज करणारा असतो, गोलंदाजी खालून होते आणि पूर्ण अंध फलंदाजाच्या धावा दुप्पट धरल्या जातात. तरीही स्पर्धेतील चुरस कमी नाही. नियम बदलताना जागा, काम, साधन आणि सोबती या चारांपैकी एकच गोष्ट एका वेळी बदलावी आणि परिणाम पाहावा. चारही बदलल्या तर कशाने फरक पडला हे कळत नाही.

आता कबड्डी. अल्पदृष्टी असलेल्या मुलासाठी रेषा दुप्पट रुंद माराव्यात, आणि सिमेंटच्या मैदानावर चिकटपट्टीखाली सुतळी घालावी, म्हणजे रेषा तळपायाला लागते. गोलबॉल या अंधांच्या खेळाच्या मैदानावर हीच पद्धत असते. कर्णबधिर चढाईपटूचा दम पंचाला तपासता येत नाही म्हणून त्याला खेळातून वगळले जाते, हे मात्र अनाठायी आहे. चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आहेच. मध्यरेषेच्या टोकाला मोबाइलवर मोठ्या अंकांत उतरती गणती लावावी आणि दमाऐवजी फक्त वेळ मोजावा. हाच नियम त्या सामन्यापुरता दोन्ही संघांना लावला तर कोणाला सवलत दिल्यासारखे वाटत नाही. पकडीचा धक्का ज्यांना चालत नाही त्यांच्या कमरेला फीत खोचावी. फीत ओढली की पकड झाली. खो-खोत तर बदलच फारसा नाही, कारण ‘खो’ देताना पाठीला हात लागतोच. कर्णबधिर मुलासाठी आवाज नसला तरी स्पर्श पुरतो. त्याच्या पाठीला हात नीट लागला नाही तर ‘खो’ पुन्हा द्यायचा, एवढे आधी ठरवावे.

चाकाच्या खुर्चीतील मुलाला मातीच्या मैदानावर कबड्डी खेळवण्याचा आग्रह मला पटत नाही. खुर्चीची पुढची चाके मातीत रुततात आणि मूल केवळ ढकलले जाते. त्या दिवशी सर्व वर्गाचाच खेळ बदलावा. बैठे व्हॉलीबॉल त्यासाठी उत्तम, कारण त्यात सगळेच जमिनीवर बसतात. त्याचे मैदान १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद, जाळीची उंची पुरुषांसाठी १.१५ मीटर आणि महिलांसाठी १.०५ मीटर, व्हरांड्यात दोरी बांधूनही ते जमते. हात कमी चालणाऱ्या मुलासाठी बोच्चा हा खेळ आहे : एक पांढरा लक्ष्य-चेंडू, सहा लाल, सहा निळे, आणि आपले चेंडू पांढऱ्याच्या जवळ न्यायचे. मोसंबीएवढ्या कापडी पिशव्यांत ज्वारी भरून चेंडू तयार होतात. ज्याला फेकता येत नाही त्याच्यासाठी प्लास्टिकचा नळ उभा चिरून घसरगुंडी करावी. तिची दिशा तो डोळ्यांनी किंवा मानेने सांगतो आणि सोबती ती फिरवतो. कोणाचा चेंडू जवळ यावर भांडण झाले की मोबाइलने सरळ वरून छायाचित्र घ्यावे. मुलांना पंचापेक्षा छायाचित्र लवकर पटते.

लेझीमचा उल्लेख वेगळा करावा लागेल, कारण तालासाठी मुले कानावर विसंबतात. कर्णबधिर मुलाला हलगी किंवा ढोलाजवळ, शक्यतो अनवाणी आणि लाकडी मंचावर, उभे केले की ताल पायातून कळतो. त्याशिवाय मोबाइलमधील तालमापक अ‍ॅप कंपनावर लावून तो खिशात ठेवता येतो. सुरुवातीला वेग मिनिटाला ६० ठोके ठेवावा आणि आठ आवाज नीट बसले की दोन-चार ठोक्यांनी वाढवत न्यावा. एका हातात जोर नसलेल्या मुलाच्या तळव्याला लाकडी दांडा रुंद पट्टीने बांधावा. पट्टी घट्ट झाल्याचे त्याला जाणवत नसेल तर दर पाच मिनिटांनी बोटांचा रंग पाहावा.

मोजणी

खेलो इंडियाच्या चाचण्यांत चौथी ते बारावीसाठी ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव किंवा चाल, बसून पुढे वाकणे, पोटाचे व हातांचे व्यायाम अशी यादी आहे. ती सर्वांना जशीच्या तशी लावता येत नाही. खुर्चीतील मुलाचे ६०० मीटर मोजण्याऐवजी सहा मिनिटांत त्याने कापलेले अंतर मोजावे. मनगटावरील पावले मोजणाऱ्या पट्टीवर विश्वास ठेवू नये. लंगडत चालणाऱ्याची पावले ती सोडून देते आणि खुर्चीचे धक्के ओळखत नाही. पाठीच्या कण्याला वरच्या भागात दुखापत झालेल्या मुलाचे हृदयाचे ठोके मेहनत करूनही फारसे वाढत नाहीत, त्यामुळे ठोक्यांवरून ‘आळशी’ ठरवणे अन्यायाचे होईल. यापेक्षा शून्य ते दहा असे चेहऱ्यांचे चित्र दाखवून ‘आत्ता किती दमलास?’ असे विचारावे. ‘बोलता येते पण गाता येत नाही’ ही पातळी बहुतेकांसाठी योग्य असते.

या नोंदी एका तक्त्यात ठेवाव्यात, मुलाच्या नावासमोर त्याच्याच मागील महिन्याचा आकडा, आणि वर्गातील क्रमांकाचा रकाना नसावा. मूल्यमापनाच्या पत्रकात श्रेणी द्यावीच लागते. ती प्रगती, सहभाग आणि नियमांचे ज्ञान यांवर द्यावी आणि तसे पालकसभेत आधीच सांगावे. सत्र संपताना मुलाच्या चार नोंदी, त्याला लागू पडलेले बदल आणि न चाललेले बदल एका पानावर छापून पुढच्या वर्गाच्या शिक्षकांकडे द्यावेत. बदली झालेल्या शिक्षकासोबत मोबाइल जातो, त्यामुळे छापील पान शाळेच्या कपाटातच राहिले पाहिजे.